एकवीस मिलिमीटर

मिरजेत पहाटे पावणेपाचला
इन्क्युबेटरचं दार उघडलं की तोंडावर येते
पस्तीस अंशांची उबट वाफ, आंबल्या कणकेची.
बावीस वर्षं झाली. अजून सवय व्हायचीय.

नमुना परवा दुपारचा. लघवी. खाट नऊ.
अक्काताई मगदूम, वय एकसष्ट, महिन्यात तिसऱ्यांदा ताप.
मुलगा हळदीच्या वखारीतून तसाच धावत आलेला,
बाटलीच्या लेबलावर अख्खा अंगठा पिवळा.

काल वसाहती दिसल्या. तारेनं उचलल्या
तर भेंडी चिरल्यासारख्या लांबत गेल्या.
(द्राक्षाचा वास येतो तो वेगळा,
त्याला आम्ही आपसांत तासगावकर म्हणतो.
हा तो नव्हे.)
धुण्याच्या शेवटच्या पाण्याइतकं गढूळ द्रावण केलं,
ताकाच्या निवळीच्या रंगाची थाळी घेतली,
तीन दिशांनी बोळा फिरवला
आणि टिकलीएवढ्या चकत्या मांडल्या, औषध प्यालेल्या.

आज बघते तर थाळीभर साय धरलेली.
बहुतेक चकत्यांच्या पार कडेला येऊन टेकलेली.
मेरोपेनेमभोवती तेवढं एक गोल, रिकामं अंगण.
पट्टी लावली. एकवीस.
पुन्हा लावली, उजेडात धरून. एकवीस.
तेवीस असते तर लागू. एकोणीस असते तर निकामी.
एकवीस म्हणजे
साहेब घरात आहेत, पण भेटत नाहीत.

शेजारच्या एसी खोलीत मशीन आहे.
त्याच्या कपाळावर अजून खंडेनवमीचं कुंकू.
त्यानं रात्रीच कागद काढून ठेवलेला:
मेरोपेनेम, एक. लागू.
मशीनला पट्टी पुन्हा लावून बघावीशी वाटत नाही.

तिसरी तपासणी शाहबाज शिकलगार करतो,
मॅडमची सही असेल तरच; एका कुपीत
माझा आठवड्याचा बाजार येईल.
तासाभरात पडद्यावर रेघ चढली.
जीन आहे. औषध तोडणारा.
शाहबाजचे आजोबा गल्लोगल्ली कात्र्यांना धार लावत हिंडायचे.
तो म्हणाला, ताई, जीन म्हणजे
घरात सुरी आहे, एवढंच कळलं.
धार आहे का, ते तुमची थाळी सांगणार.

आणि माझी थाळी म्हणते एकवीस.

चौथी एक युक्ती आहे, स्वस्तातली.
नवी चकती याच जंतूच्या नळीत चार तास बुडवायची,
मग काढून ठेवायची दुसऱ्या थाळीवर,
जिथे एक गरीब जंतू पसरलाय,
कुठल्याही औषधाला मरणारा.
तो चकतीला खेटून वाढला तर समजायचं,
औषध नळीतच खाऊन झालं होतं.
उत्तर उद्या सकाळी.
ताप काही उद्यापर्यंत थांबत नाही.

सहा दहाला कुडचे मॅडमना फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी, मग मॅडम.
म्हटलं, मशीनचा कागद वॉर्डात जाऊ देऊ नका.
किती आलं?
एकवीस.
जीन?
आहे.
दुसरी शिट्टी होईपर्यंत त्या गप्प.
मग म्हणाल्या, मी वॉर्डात बोलते. तू नळी लाव.

अहवालाच्या रकान्यात तीनच अक्षरं बसतात.
'अजून माहीत नाही' याला कॉम्प्युटरमध्ये जागा नाही.
मी छापील 'लागू'वर आडवी रेघ मारली,
खाली पेननं लिहिलं, तपास चालू आहे,
अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

खिडकीशी मगदूमांचा मुलगा.
हात धुऊन आलेला, नखं तरी पिवळीच.
आईला कुठलं इंजेक्शन चालेल ते कळलं का?
मी म्हटलं, तीन ठिकाणी विचारलं.
तो म्हणाला, मग?
त्याला मिलिमीटर कसा सांगायचा
ते मला कुणी शिकवलेलं नाही.
म्हटलं, डॉक्टर वरती आलेत, आधी त्यांना भेट.

नऊ वाजता जुन्या थाळ्या ऑटोक्लेव्हला जातात.
लाल पिशवीत एकेक मोजून टाकल्या.
खाट नऊच्या थाळीवर चिकटपट्टी लावली,
तारीख घातली आणि लिहिलं:
टाकू नये.